ढमीची नवी सोबतीण

कराडजवळच्या मलकापुरात आमच्या घरी दोन गिनीपिग होत्या. गेल्या पावसाळ्यात एक गेली. मागं राहिलेली ढमी कोथिंबिरीलाही तोंड लावेना. या प्राण्याला दिवसभराचा उपासही जिवावर बेततो. मूळचा हा अँडीज पर्वतातला, कळपानं राहणारा. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटा गिनीपिग पाळायला कायद्यानं मनाई आहे!

नवी आणली. ‘बाबा, सोडूया ना लगेच!’ मुलीचा हट्ट. पण बाजारातला जीव आजार घेऊन येऊ शकतो, म्हणून दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवली. मादीच असल्याची खात्रीही डॉक्टरांकडून करून घेतली.

मग दोघींना पडवीत सोडलं. पिंजरा ढमीचं घर. तिथं नवी म्हणजे घुसखोरच. मध्ये गवताचा ढीग आणि दोन खोकी. प्रत्येक खोक्याला दोन दारं, कुणी कोंडीत सापडू नये म्हणून. ढमी घुरघुरली, नवीच्या पाठीवर चढली. मुलगी रडकुंडीला आली. मी जाड टॉवेल घेऊन बसलो होतो, पण उठलो नाही. हा मोठेपणाचा वाद त्यांनीच मिटवायचा असतो. रक्त निघालं तरच वेगळं करायचं.

तासाभरानं दोघी शेजारी बसून पेरू कुरतडत होत्या. रात्री मात्र ढमीनं तिला आपल्या खोक्यात घेतलं नाही. चौथ्या दिवशी घेतलं.