भाईजानांचा पाय

माझे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो, पेशाने शिंपी. चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारलेला माणूस. त्यांच्या उजव्या मांडीत लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर कुणाला बोलले नाहीत. पुढे गावातल्या एका दवाखान्यात ‘चरबीची गाठ’ म्हणून ती कापून टाकली. तुकडा तपासायला पाठवलाच नाही. आठ महिन्यांत त्याच जागी पुन्हा गाठ, या वेळी नारळाएवढी.

तो सार्कोमा निघाला. स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींत होणारा कॅन्सर. ही गाठ हाताला लागते तेवढीच नसते, तिच्या पेशी कडेने पसरलेल्या असतात. म्हणून पूर्वी सरळ हातपाय तोडत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांत तुलना केली. काहींचा अवयव काढला, काहींची फक्त गाठ काढून किरणोपचार दिले. १९८२ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा दोन्ही गटांच्या जगण्यात ठळक फरक नव्हता.

भाईजानांना मुंबईत सांगितलं, ‘पाय वाचवायचा प्रयत्न करू.’ गाठ काढली आणि जखम उघडी असतानाच त्या जागेवर प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या, साधारण सेंटिमीटरभर अंतराने, अंथरल्या. टोकं कातडीबाहेर, मग टाके. ‘गोधडीच्या शिवणीसारख्या सरळ,’ असं भाईजान सांगतात. दुसऱ्याची शिवण त्यांनी नावाजलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

या उपचाराला ब्रॅकीथेरपी म्हणतात. नळ्या आधी रिकाम्याच असतात. जखम सांधायला पाच-सहा दिवस देतात, घाई केली तर ती चिघळू शकते. मग यंत्रातून तारेच्या टोकाला बसवलेला इरिडियम-१९२चा कण एकेका नळीत शिरतो, ठरल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परत जातो. दिवसातून दोनदा, मध्ये किमान सहा तास. किरण जवळ जोरकस, जरा दूर गेले की झपाट्याने मंद. त्यामुळे आजूबाजूच्या निरोगी भागाला झळ कमी. कण परत गेला, की अंगात किरणोत्सर्ग उरत नाही. हे भाभींना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दोन दिवस नातवाला खोलीत फिरकू देईनात.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १६४ रुग्णांवर हा उपचार पारखला गेला. १९९६चे आकडे असे : पाच वर्षांनंतर गाठ त्याच जागी न उलटलेले, नळ्या बसवलेल्यांत ८२ टक्के, न बसवलेल्यांत ६९. आयुष्य मात्र त्याने वाढलं नाही, आणि कमी आक्रमक गाठींत फायदाही दिसला नाही. फुप्फुसात निसटलेली पेशी या नळ्यांच्या हाती लागत नाही. आपल्याकडे परळच्या टाटा हॉस्पिटलातही ही पद्धत वापरली गेली आहे.

भाईजानांचा गुडघा पुरता वाकत नाही. मशीनला मोटर बसवली आहे. हल्ली माप घेताना कुणाच्या दंडाला गाठ लागली, की ते टेप खाली ठेवतात. ‘आधी डॉक्टरला दाखवा, आणि तुकडा तपासल्याशिवाय कुणाला कापू देऊ नका.’ दोन गिऱ्हाइकं रागावून कापड परत घेऊन गेली.