तल्लफ सोसण्याचे शिक्षण

(पनवेल परिसरातील शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी एक माता माझ्या कार्यालयात आली होती. महाविद्यालयात जाणारा तिचा मुलगा गांजा ओढू लागला होता. तो सोडावा असे त्यालाही वाटत होते. मी कपाटातून व्यसनांच्या दुष्परिणामांवरील एक पुस्तिका काढून तिच्या हाती ठेवली. तिने पाने चाळली आणि म्हणाली, "साहेब, हे सगळं त्याला पाठ आहे. रात्री झोप येत नाही, जीव कासावीस होतो, तेव्हा त्यानं काय करायचं ते यात कुठं आहे?" पुस्तिकेत ते नव्हते, आणि मलाही ठाऊक नव्हते. आज मी बोलणार आहे ते तिच्या त्या प्रश्नाविषयी.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख आहे. त्यांपैकी सुमारे ७२ लाख लोकांना मदतीची गरज आहे. गांजा सोडल्याने काहीच त्रास होत नाही, हा समज बरोबर नाही. नित्य ओढणाऱ्याने तो सोडला की एकदोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, निद्रानाश व अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसू लागतात. पहिल्या आठवड्यात ती सर्वांत तीव्र असतात आणि पुढे दोन आठवड्यांच्या सुमारास बहुधा ओसरतात. या दिवसांत मुलगा पुन्हा चिलमीकडे वळतो, तो मौजेसाठी नव्हे, तर ती अस्वस्थता एकदाची संपावी म्हणून. अस्वस्थता सोसण्याची शक्ती ज्याच्यात कमी, त्याची घसरण लवकर होते.

ही शक्ती शिकवता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी तल्लफेला लाटेची उपमा दिली. ती चढते, माथ्यावर येते आणि आपण काही न करता उतरते. पनवेलच्या खाडीकाठच्या माणसाला भरतीओहोटी समजावून सांगण्याची गरज नाही. भरतीच्या वेळी नांगर टाकून थांबावे, एवढेच शिकावयाचे. मार्शा लिनहॅन यांच्या उपचारपद्धतीत त्याच्या साध्या युक्त्या आहेत : तोंडावर गार पाणी मारणे, उच्छ्वास लांबवणे, थोडा वेळ झपझप चालणे.

यात संगणकाचे काम काय? एक काम मोजण्याचे. पडद्यावर एक तारा दिसतो. माऊसने त्याच्या रेषेवरून ठिपका न्यावयाचा असतो. परंतु हात उजवीकडे नेला की ठिपका डावीकडे जातो, आणि चूक झाली की कर्कश आवाज येतो. कंटाळून केव्हाही थांबण्याची मुभा असते. किती वेळ टिकला, यावरून सहनशक्तीचा अंदाज घेतात. दुसरे काम सरावाचे. तल्लफ केव्हा आली, किती वेळ राहिली, त्या वेळी काय केले, याची रोजची नोंद यंत्र ठेवते आणि पुढचा पाठ देते. रात्री दोन वाजताही ते जागे असते. रागावत नाही, शेजाऱ्याला सांगत नाही. जर्मनीत व स्वित्झर्लंडमध्ये गांजा ओढणाऱ्यांसाठी असे संगणकीय पाठ्यक्रम चालले आहेत.

मात्र कोणी याला जादूची कांडी समजू नये. असे पाठ पुष्कळजण मध्येच सोडतात, आणि गुणही माफकच येतो. स्विस प्रयोगात समुपदेशकाशी संभाषणाची जोड दिल्यावर परिणाम अधिक चांगला दिसला. शिवाय मराठीत असे पाठ करावयाचे झाल्यास निव्वळ भाषांतर पुरणार नाही. आपला मुलगा 'मानसिक ताण' म्हणत नाही. तो म्हणतो 'करमत नाही', 'डोकं फिरतं'. पाठानेही त्याच शब्दांत विचारावयास हवे.

म्हणून यंत्रामागे माणूस लागतोच. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर २०२२ पासून मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण येथून फार दूर नाही. पालकांना भीती वाटते ती पोलिसांची. त्यांना हेही सांगावे, की १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते.

आपल्या शाळेतील वा ग्रामपंचायतीतील संगणक सायंकाळी तासभर मोकळा ठेवता येईल काय, याचा विचार करावा. कोण आले याची नोंदवही तेथे ठेवू नये. नाव लिहावे लागले तर कोणी येणार नाही.

शेजारच्या खोलीत तो तारा संगणकावर लावून ठेवला आहे. चहापूर्वी प्रत्येकाने एकदा बसून पाहावे. मी काल सायंकाळी बसलो होतो. चार मिनिटांत उठलो.