मद्य आणि मोटारसायकल

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत वाचून दाखविलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें गेलेल्या वर्षांचा गौरव करावा आणि खालीं बसावें असा प्रघात आहे. तें काम आमच्या आधीं बोललेल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं उत्तम रीतीनें केलें आहे. आमच्याकडे जो विषय सोंपविण्यांत आला तो मात्र आनंदाचा नाहीं. मद्य पिऊन मोटारसायकल चालविल्यानें होणारा घात, हा तो विषय. महोत्सवांत असला विषय कशाला, असें कोणी विचारील, तर आमचें उत्तर इतकेंच कीं, हा धोका महोत्सवाच्या रात्रींच अधिक असतो, आणि आज देवळाच्या आवारांत उभ्या असलेल्या मोटारसायकलींची रांग आम्हीं येतांना पाहिली आहे.

वाहन वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. वृद्धांस आठवत असेल कीं, एके काळीं पांचदहा गांवांत मिळून एखादी फटफटी असे, आणि ती आली कीं पोरें तिच्या मागें धांवत. आज ती दारोदार आहे. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत पाळीला जाणारा कामगार, अंबडकडील मोसंबीच्या बागेंत रात्रीं वीज आली म्हणून पंप सुरू करावयास जाणारा शेतकरी, बदनापुराहून शहरांत शिकावयास येणारा मुलगा, या सर्वांस तिनें पाय दिले आहेत. तिच्यावांचून आपल्या जिल्ह्याचा एक दिवसहि निभावणार नाहीं.

मद्यासंबंधानेंहि एक गोष्ट आरंभींच स्पष्ट केलेली बरी. द्राक्षारस हा मुळांतच पापमय पदार्थ आहे, अशी पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण नाहीं. काना गांवीं लग्नघरीं प्रभूनें पहिला चमत्कार केला तो द्राक्षारसाचाच, आणि मिस्साबलिदानांत वेदीवर अर्पण होतो तोहि द्राक्षारसच. (कानाच्या लग्नाचे पाहुणे पायीं घरीं गेले असतील, हेंहि ध्यानांत ठेवावें.) तेव्हां घरीं बसून मर्यादेनें घेणाऱ्यावर आज आमचा रोख नाहीं. आमचा रोख आहे तो पेला आणि किल्ली एकाच संध्याकाळीं हातांत धरणाऱ्यावर. आणि त्याच्याविषयीं ख्रिस्तसभेनें मौन धरलेलें नाहीं. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथांत, २२९० व्या परिच्छेदांत, नशेमुळें अथवा वेगाच्या हव्यासापायीं रस्त्यावर आपला किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणारा मनुष्य गंभीर दोषास पात्र होतो, असें स्पष्ट सांगितलें आहे. आणि हें विवेचन कोठें आलें आहे, तर पांचव्या आज्ञेखालीं, म्हणजे मनुष्यहत्येस मनाई करणाऱ्या आज्ञेखालीं. पुढें २००७ सालीं परमधर्मपीठानें वाहन चालविणारांसाठीं दहा आज्ञाच काढल्या, व त्यांतील पहिली आज्ञा पुन्हा हीच. आपल्यांतील पुष्कळजण दारू पिण्यास दोष मानतात, पण पिऊन गाडी चालविण्यास केवळ बेफिकिरी समजतात. आमच्या मतें हें तारतम्य उलटें आहे. पेल्यानें बहुधा पिणाऱ्याचें नुकसान होतें. किल्लीनें समोरून येणाऱ्या निरपराध्याचा जीव जातो.

आतां थोडा हिशेब करूं. बाजारांत ‘क्वार्टर’ म्हणून जी बाटली मिळते तींत १८० मिलिलिटर मद्य असतें, आणि व्हिस्की-रमच्या बाटलीवर शेकडा ४२.८ असा आंकडा छापलेला असतो. म्हणजे तींत निव्वळ मद्यार्क सुमारें ७७ मिलिलिटर, वजनानें सुमारें ६१ ग्रॅम. साठ किलो वजनाच्या पुरुषानें ती एका बैठकींत रिकामी केली, तर त्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तांत सुमारें १५० मिलिग्रॅम मद्यार्क चढतो. वाहन चालविणाऱ्यास कायद्यानें घालून दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे हा मनुष्य मर्यादेच्या पांचपट गेला. यकृत हा मद्यार्क दर तासास सुमारें १५ मिलिग्रॅम या गतीनें कमी करितें, आणि त्या गतीला घाई करविणारा घरगुती उपाय नाहीं. लिंबू, ताक, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ यांनीं फार तर झोंप उडेल. मद्यार्क उडत नाहीं. तेव्हां रात्रीं अकरा वाजतां बाटली संपविणारा मनुष्य सकाळीं सातच्या सुमारास कोठें त्या मर्यादेपाशीं येऊन पोंचतो. सकाळच्या पाळीचा कामगार तर सहाच्या आधींच गाडीला किक मारितो! ‘रात्रींची होती, आतां उतरली’ असें तो प्रामाणिकपणें सांगतो, आणि त्याचें रक्त दुसरेंच सांगत असतें.

‘आम्हीं दारू घेतली नाहीं, बीअर घेतली’ असेंहि एक उत्तर ऐकूं येतें. ६५० मिलिलिटरची कडक बीअर, तिची शक्ति शेकडा ८ धरली, तर ५२ मिलिलिटर मद्यार्क पोटांत घालते. क्वार्टरचा दोनतृतीयांश झाला. नांव बदलल्यानें रक्त फसत नाहीं.

मोटारगाडी चार चाकांवर आपली आपण उभी राहते. मोटारसायकल राहत नाहीं. तिला स्वार उभी धरतो. त्याच्या कानाच्या आंत समतोल राखणाऱ्या बारीक नळ्या आहेत, त्यांवर मद्यार्काचा परिणाम होतो, आणि म्हणूनच प्यालेल्या माणसाला अंथरुणावर पडल्यावर खोली फिरते असें वाटतें. तोच मनुष्य तासाभरापूर्वीं वळणावर गाडी कलती करून आला, हा केवळ देवाचा प्रसाद समजावा. डोळ्यांचेंहि तसेंच. समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला कीं निरोग्यासहि क्षणभर दिसेनासें होतें. प्यालेल्याची नजर सांवरण्यास अधिक वेळ लागतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सोळासतरा मीटर कापते. ब्रेकवर पाय जाण्यास अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर गेले, म्हणजे जवळजवळ एका ट्रॅक्टर-ट्रॉलीची लांबी. आणि या सर्वांच्या आधीं मद्य हरण करितें तें विवेकबुद्धीचें. हात कांपूं लागण्यापूर्वींच ‘मला कांहीं झालेलें नाहीं’ ही खात्री माणसाच्या मनांत उत्पन्न होते. मित्रांनीं त्याला ‘तूं ठीक आहेस ना?’ असें विचारणें म्हणजे चोराला पहाऱ्याविषयीं विचारण्यासारखें आहे.

ट्रॉलीचा उल्लेख आम्हीं उगाच केला नाहीं. दिवाळीच्या सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू झाला कीं, अंबड-घनसावंगीकडील रस्त्यांवर रात्रभर उसाच्या गाड्या चालतात, आणि त्यांतील कित्येकांस मागें दिवा तर सोडाच, लाल कागदहि नसतो. हा त्यांचा अपराध आहे आणि तो बंद झालाच पाहिजे. पण शुद्धीवर असलेला स्वार तें काळें धूड शेवटच्या क्षणीं तरी ओळखतो. समृद्धि महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपुरापासून शिर्डीपर्यंत खुला झाला व तो आपल्या जिल्ह्यांतून गेला आहे. पण त्यावर दुचाकीस प्रवेश नाहीं. आपले लोक आहेत ते जुन्याच रस्त्यांवर, ट्रक, ट्रॉली, बैलगाडी आणि जनावरें यांच्या सोबतींत.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या वर्षीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं, आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्याच अहवालांत मद्याच्या नांवावर शेकडा दोनतीनच मृत्यु मांडलेले आहेत व अतिवेगाच्या नांवावर शेकडा एकाहत्तर. हें वाचून एखादा मद्यपी म्हणेल, पाहा, आमचा दोष किती अल्प! आम्हांस तसें वाटत नाहीं. अपघाताच्या नोंदींत कारण एकच लिहिलें जातें. ज्यानें वेग वाढविला त्याचा वेग लिहिला जातो. तो वेग कोणीं वाढविला, हें रक्त तपासल्यावांचून कळत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें १५ डिसेंबर २०१६ रोजीं असा निकाल दिला कीं, राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आंत दारूचें दुकान असूं नये. पुढें ३१ मार्च २०१७ रोजीं वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणीं हें अंतर २२० मीटर करण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत नगरपालिकांच्या हद्दींतील दुकानांस हा निकाल लागू नाहीं असें स्पष्ट झालें. हेतु उत्तम होता. तथापि मोटारसायकल असलेल्या माणसास ५०० मीटर म्हणजे काय? दुकान जितकें दूर, तितकें तेथें गाडीवरून जाणें आणि गाडीवरूनच परत येणें आलें. कायदा दुकान हलवूं शकतो. घरचें ताट आणि दारांतली गाडी यांच्यामधलें अंतर आपणच राखावयाचें आहे.

येथें यजमानांस दोन शब्द सांगावयाचे आहेत, मग कोणास राग आला तरी चालेल. लग्नाच्या आदल्या रात्रीं, बारशाला, नाताळांत, एकतीस डिसेंबरला पाहुण्यास आग्रह करून पाजणें हा आपण मोठेपणा समजतों. ‘आमच्याकडून एक’ म्हणून चौथा पेला भरणारा तोच, आणि रात्रीं बारा वाजतां ‘सांभाळून जा हं’ म्हणून फाटकापर्यंत पोंचवावयास येणाराहि तोच. त्यानें एक तर बाटली आंत ठेवावी, नाहीं तर अंथरूण बाहेर काढावें. बिछाना देण्याइतकी ऐपत नसेल त्यानें पाजण्याची ऐपत दाखवूं नये.

मागें बसणारांचा विचार तर कोणी करितच नाहीं. प्यालेल्या नवऱ्याच्या मागें बायको एका बाजूस पाय सोडून बसते, मांडीवर लेंकरूं, पुढें टाकीवर आणखी एक. हेल्मेट असलेंच तर तें नवऱ्याच्या कोपराला अडकविलेलें. नीट पट्टा बांधून घातलेल्या हेल्मेटनें मृत्यूचा धोका शेकडा चाळीसाहून अधिक कमी होतो, असें जगभरच्या अभ्यासांवरून दिसून आलें आहे. आमच्या बहिणींनीं एक गोष्ट मनाशीं धरावी. नवऱ्यानें घेतली असेल त्या दिवशीं त्याच्या मागें बसण्यास नकार देणें हा पतीचा अपमान नव्हे. रस्त्यांतच उभें राहून माहेरच्या माणसाला फोन करावा लागला तरी करावा. चारचौघांत शोभा होईल खरी. पण शोभा झालेली बाई दुसऱ्या दिवशीं मुलांचे डबे भरते.

आतां एक गोष्ट अशी सांगतों कीं, ती पुष्कळांस ठाऊक नसते. प्यालेला मनुष्य गाडीवरून पडतो. लोक जमतात, तोंडाचा वास येतो, आणि कोणी तरी म्हणतो, ‘नशेंत आहे, झोंपूं द्या, उतरली कीं उठेल.’ त्याला उचलून ओसरीवर निजवितात. डोक्यावर जखम दिसत नाहीं, पण कवटीच्या आंत रक्त सांचत असतें. मेंदूवर दाब आल्यानें येणारी गुंगी आणि दारूची गुंगी बाहेरून एकसारखीच दिसतात. डॉक्टरासहि तपासल्याशिवाय भेद करतां येत नाहीं. म्हणून पडलेला मनुष्य प्यालेला असेल तर त्याला अधिक तातडीनें दवाखान्यांत न्यावें, उलट नव्हे. १०८ या क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये. मान हिसडूं नये. ओकारी येत असेल तर मान व धड एका रेषेंत धरून कुशीवर वळवावें.

पोलिसांच्या चौकशीच्या भयानें पुष्कळजण थांबत नाहींत. तें भय आतां निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें, आणि जखमीस मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरतां येत नाहीं. त्याला आपलें नांव सांगण्याचीहि सक्ति नाहीं. यरुशलेमहून यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्या शोमरोन्यानेंहि द्राक्षारस काढला. पण तो त्यानें जखमेवर ओतला.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. कलम १८५ प्रमाणें पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळीं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी दिली व त्यानें अपराध केला, तर बापास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. स्वाराच्या अपघाती विम्यांत, तो नशेंत असल्यास भरपाई मिळणार नाहीं, अशी अट सामान्यतः असते. म्हणजे विधवेच्या हातांत कांहींच येत नाहीं. फार तर गाडीच्या कर्जाचे राहिलेले हप्ते.

ज्यांस सोडावीशी वाटते पण सुटत नाहीं, त्यांची थट्टा करूं नये. डब्लिनच्या मॅट टॅल्बट या हमालानें १८८४ सालीं दारू सोडण्याची शपथ घेतली, ती प्रथम केवळ तीन महिन्यांची होती. मग सहा महिन्यांची, मग जन्माची. १९७५ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास ‘आदरणीय’ ही पदवी दिली. पुण्याचें मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हें काम करीत आहे. ज्यांस तेथें जावयाचें असेल त्यांनीं घरच्यांस सांगून निघावें. लपविण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

आज रात्रींच्या भोजनाविषयीं एक सूचना करून आम्ही खालीं बसतों. पंगतीपूर्वीं मोटारसायकलींच्या किल्ल्या नांवाची चिठ्ठी बांधून दाराजवळच्या टेबलावर ठेवावयाच्या आहेत. बदनापूर आणि अंबडच्या बाजूस जाणारांसाठीं दोन जीपगाड्या रात्रीं साडेदहास सुटतील. ज्यांस मुक्काम करावयाचा असेल त्यांच्यासाठीं शाळेच्या खोलींत सतरंज्या घातल्या आहेत, आणि किल्ल्या उद्यां सकाळीं नऊच्या मिस्सानंतर परत मिळतील.