वयाच्या नावावर टाकू नका



स्वागत समितीच्या वतीने वाईत आपले मनःपूर्वक स्वागत. ढोल्या गणपतीचे दर्शन आपण घ्यालच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून उभे केले. अशा गावात बुद्धी आणि स्मरण जपण्याचा विषय घेऊन आपण आलात, याचा आम्हाला फार आनंद आहे.

स्मृतिभ्रंशाच्या अधिवेशनात कान आणि डोळे कशाला, असे काहींनी विचारले. उत्तर घरोघरी सापडेल. आजोबा जेवताना दोनदा ‘काय?’ म्हणतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत. हळूहळू भजनाला जाणे सुटते, फोन घेणे सुटते. घरचे म्हणतात, हल्ली त्यांच्या लक्षातच राहत नाही. पण जे नीट कानावर पडलेच नाही, ते लक्षात राहणार कसे? आणि हे वर्षानुवर्षे चालले, तर मेंदूचे खरेच नुकसान होत असावे. अर्धवट ऐकलेले जुळवण्यातच त्याची शक्ती खर्च होते, नवे काही पोहोचत नाही, त्यात एकटेपणाची भर.

अमेरिकेतील डॉ. फ्रँक लिन यांनी 2011 मध्ये 639 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सौम्य श्रवणदोष असलेल्यांत डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका सुमारे दुप्पट, मध्यम दोषात तिप्पट, तीव्र दोषात पाचपट आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोग्या 14 कारणांची यादी दिली. श्रवणदोष त्यात आधीपासून होता, आता उपचाराविना राहिलेला दृष्टिदोषही आला.

कानाचे यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळला, असे मात्र कोणी समजू नये. 2023 मध्ये 977 ज्येष्ठांवर झालेल्या या यंत्रांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन वर्षांनंतर सगळ्यांचा मिळून विचार करता बौद्धिक घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका अधिक होता, त्यांच्या गटात मात्र ही घसरण 48 टक्क्यांनी कमी होती. मोतीबिंदूचेही तसेच. सिएटल परिसरातील तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या 2022 मधील अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांत डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. हा संबंध आहे, पुरावा अजून पूर्ण नाही. पण स्पष्ट दिसणे आणि नीट ऐकू येणे हा लाभ तर आजच पदरात पडतो. तेवढ्यासाठीही उपचार करावेत, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या देशात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. आणि आपण अजून ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ म्हणतो! आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. चष्मा लावायला कोणाला संकोच वाटत नाही, कानाचे मशीन मात्र लपवावेसे वाटते. हौसेने आणलेले मशीन कपाटात पडते, कारण पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाजही अंगावर येतो. ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा जाऊन ते जुळवून घ्यावे लागते, सवयीला काही आठवडे लागतात, हे विकत देताना कोणी नीट सांगत नाही. ते सांगण्याचे काम आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी अंगावर घ्यावे.

आणखी एक. स्मरणशक्तीची चाचणी होण्याआधी कानातला मळ, मशीनची बॅटरी आणि चष्म्याचा नंबर पाहून घ्या. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकणार, आणि माणसावर नको तो शिक्का बसणार.

सभागृहाबाहेर डाव्या हाताला नेत्र आणि श्रवण तपासणीची टेबले मांडली आहेत. वक्त्यांनी श्रोत्यांकडे तोंड करून, सावकाश बोलावे, ही नम्र विनंती. आणि आपण सर्वांनी दुपारच्या जेवणाआधी तपासणी करून घ्यावी. घरी कोणी मागे राहिले असेल, तर त्यांचे नाव आजच नोंदवून जा.