रात्री दोनला ताप आला तर



ही पहिली रांग परिचारिकांसाठी राखून ठेवा, एवढी एकच अट मी आयोजकांना घातली होती. त्यामुळे काही ज्येष्ठ मंडळींना मागे सरकावं लागलं. त्यांनी रागावू नये. मी आज ज्याविषयी बोलणार आहे त्यातलं निम्मं काम या पहिल्या रांगेचं आहे, आणि उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं रुग्णाच्या घरच्यांचं. आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, वाट्याला येतं ते औषध लिहून देणं, आणि ते अक्षरही परिचारिकांनाच लावावं लागतं.

अध्यक्षाने यशाचे आकडे सांगावेत असा रिवाज आहे. मी दुष्परिणामांवर बोलणार आहे, कारण मूलपेशी प्रत्यारोपणाचा इतिहास बहुतांशी दुष्परिणाम आवरण्याचाच इतिहास आहे. १९५०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करणाऱ्यांना दिसलं, की प्राणघातक किरणोत्सर्ग दिलेला उंदीर दुसऱ्या उंदराच्या अस्थिमज्जेमुळे वाचतो, आणि काही आठवड्यांनी कातडी खराब होऊन, जुलाबांनी खंगून मरतो. त्याला त्यांनी ‘दुय्यम आजार’ म्हटलं. तोच आपला जीव्हीएचडी. दात्याच्या पेशी रुग्णाचं शरीर परकं मानतात आणि त्याच्यावर उलटतात. १९५७ मध्ये डॉ. डोनाल थॉमस यांनी माणसाला शिरेतून मज्जा देण्याचे आपले पहिले अनुभव प्रसिद्ध केले. त्या सहापैकी एकही रुग्ण फार काळ जगला नाही. त्यांना नोबेल मिळालं १९९० मध्ये. मधल्या ३३ वर्षांत मज्जा बदलली नाही. बदललं ते भोवतालचं सगळं: एचएलए जुळवणी, जंतुसंसर्गाशी लढाई, प्लेटलेटचा पुरवठा, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते या सगळ्या शिदोरीवर.

प्रत्यक्ष पेशी देणं हा यातला सगळ्यात साधा भाग. नातेवाईक काचेबाहेर उभे राहून विचारतात, “डॉक्टर, ऑपरेशन कधी?” आणि सिस्टर सांगतात, “झालं की! ती पिशवी संपली ना आत्ता, तीच.” रुग्णाच्याच गोठवून ठेवलेल्या पेशी असतील तर खोलीभर लसणासारखा वास सुटतो, कारण गोठवताना घातलेलं डीएमएसओ श्वासावाटे बाहेर पडतं. बाकी त्या दिवशी घडत काहीच नाही. जे घडायचं ते पुढे, रक्तपेशींचे काउंट पडल्यावर.

महागड्या औषधांआधी मला बर्फाबद्दल बोलायचं आहे. मायलोमाच्या रुग्णाला मेल्फालनचा मोठा डोस दिला की आठवड्याभरात तोंड सोलून निघतं. थुंकी गिळता येत नाही, आणि त्याच जखमांतून जंतू रक्तात शिरतात. मेल्फालन रक्तात फार वेळ टिकत नाही. ते जात असताना तोंडात बर्फाचे खडे चघळले की तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, आणि या जखमा कितीतरी कमी होतात. याला चांगला पुरावा आहे. तरी सगळीकडे हे नेमाने होत नाही. मेल्फालन सुरू व्हायच्या आधी फ्रीजरमध्ये बर्फ आहे का हे बघायचं काम कुणाचं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. बर्फाला कंपनीचा प्रतिनिधी नसतो, त्यामुळे त्याच्यावर प्रायोजित सत्रही होत नाही.

दुसरं उदाहरण सायक्लोफॉस्फामाइडचं. १९५०च्या दशकातलं, स्वस्त, सगळीकडे मिळणारं औषध. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ते द्यायचं, ही कल्पना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुजली. त्या सुमारास दात्याच्या ज्या टी-पेशी रुग्णावर चवताळून भराभर वाढत असतात, त्या या औषधाने मरतात. मूलपेशींमध्ये मात्र औषध निकामी करणारं विकर भरपूर असतं, म्हणून त्या बचावतात. यामुळे अर्धी जुळणी असलेले आई, वडील किंवा भाऊ दाते होऊ शकले. आपल्याकडे घरं लहान होत चालली आहेत आणि सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून आपल्यासाठी ही गोष्ट फार मोठी. पुढे पूर्ण जुळणाऱ्या दात्यांच्या रुग्णांतही हीच पद्धत तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत वर्षअखेर गंभीर जीव्हीएचडी आणि आजार उलटणं या दोन्हींविना जिवंत असलेले रुग्ण जुन्या पद्धतीत सुमारे ३५ टक्के होते, तर या पद्धतीत सुमारे ५३ टक्के. औषधाचे स्वतःचे दोष आहेत. ते मूत्राशयाला आणि हृदयाला इजा करतं, म्हणून मेस्ना हवं, भरपूर सलाइन हवं, आणि लघवीचा रंग बघणारी नजर हवी. लघवी लालसर दिसतेय हे सगळ्यात आधी भांडं उचलणाऱ्या मावशींना कळतं. मावशींनी ते कुणाला सांगायचं, हे आपण त्यांना कधी सांगतो का?

आता कार-टी. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखण्याचं जनुक त्यांच्यात घालायचं आणि परत द्यायच्या. २०१२च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला त्या दिल्या आणि ती थेट व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन प्रचंड वाढलेलं सापडलं. ते अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध होतं. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीलाच लहानपणीचा संधिवात असल्याने त्यांना ते माहीत होतं. औषध दिलं आणि मुलगी सावरली. २०१७ मध्ये या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्याच दिवशी सायटोकाइनच्या या वादळासाठी टोसिलिझुमॅबलाही. त्या खोलीत संधिवाताच्या घरातला बाप होता म्हणून उपाय सुचला, हे मला विलक्षण वाटतं.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण पवईत झालं. किंमत परदेशातल्या उपचाराच्या साधारण एक दशांश. याचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे. पण आयसीयूतली खाट, टोसिलिझुमॅब आणि काउंट न आल्यामुळे लांबलेल्या रक्ताच्या पिशव्या यांचं बिल वेगळं येतं. ते नातेवाइकांना आधीच सांगितलेलं नसेल, तर ऐन तापात त्यांना पैशांसाठी धावावं लागतं.

कार-टीचा मेंदूवर होणारा परिणाम ओळखायला आपण आइस नावाची दहा गुणांची परीक्षा घेतो. वर्ष, महिना, शहर, रुग्णालय यांचे चार गुण, तीन वस्तूंची नावं सांगण्याचे तीन, एक आज्ञा पाळण्याचा, एक वाक्य लिहिण्याचा आणि शंभरापासून दहादहाने उलटं मोजण्याचा प्रत्येकी एक. सात ते नऊ आले तर पहिली पायरी, तीन ते सहा दुसरी, त्याखाली तिसरी. डेक्सामेथासोन कधी सुरू करायचं ते यावर ठरतं. परीक्षा कागदावर फार सुटसुटीत आहे. वॉर्डात मात्र निवासी डॉक्टर ती हिंदीत घेतो आणि समोर बीड जिल्ह्यातल्या आजी असतात. महिना कोणता, म्हटल्यावर त्या सांगतात, “आषाढ.” गुण द्यायचा की नाही? द्यायचा, आणि पूर्ण द्यायचा. त्यांचा मेंदू त्या डॉक्टरच्या मेंदूपेक्षा जास्त जागा आहे. त्याला बिचाऱ्याला आषाढ चालू आहे हे ठाऊकही नसतं. शाळेत न गेलेल्या माणसाला उलटं मोजायला सांगून शून्य द्यायचा आणि मग स्टेरॉइड चढवायचं, हा अन्याय. आणि मुळात तल्लख असलेल्या मास्तरांना दहापैकी नऊ मिळाले म्हणून निश्चिंत राहायचं, हा धोका.

म्हणून माझा आग्रह असा: पेशी देण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची परीक्षा त्याच्या बोलीत घ्यावी, आणि त्याला सहज येतं तेच त्याच्यासाठी प्रमाण मानावं. लिहिता येणाऱ्याकडून रोज एकच मराठी वाक्य एकाच वहीत लिहून घ्यावं. लिहिता न येणाऱ्याकडून एखादी साधी आकृती काढून घ्यावी. गुणाचे नियम मोडायचे नाहीत, ही जोड आपल्या नजरेसाठी. तारीख चुकायच्या आधी शिरोरेघ डगमगते, वेलांट्या भलतीकडे जातात, अक्षर बारीक होत जातं. कालचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवलं, की आठवीतल्या नातवालाही फरक कळतो. आणि सोबत बसलेली मुलगी म्हणाली, “आई आज वेगळंच बोलतेय,” तर परीक्षेत दहापैकी दहा असले तरी तिचं म्हणणं टिपणात यायला हवं.

एवढं सगळं रुग्ण आपल्या नजरेसमोर असताना. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कार-टीनंतर केंद्राजवळ राहण्याची मुदत चार आठवड्यांवरून दोन आठवड्यांवर आणली. तिथे ठीक असेल. आपला रुग्ण खारघरच्या केंद्रातून गडचिरोलीला जातो, जवळपास हजार किलोमीटर. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करुग्णांच्या कितीतरी पिढ्या सांभाळल्या, मुलांसाठी सेंट ज्यूडची घरं आहेत. तरी काउंट नुकतेच आलेल्या मोठ्या माणसाला पहिल्या शंभर दिवसांत हवी असलेली स्वच्छ, स्वस्त खोली मिळणं अजून नशिबाचाच भाग आहे. माणूस मग गावी जातो, आणि रात्री दोनला ताप येतो.

काय होतं, ते ग्रामीण भागात काम केलेल्यांना माहीत आहे. गावातले डॉक्टर चांगल्या मनाने डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात. प्लेटलेट वीस हजार असताना कमरेत टोचलेल्या त्या सुईने मांडीभर रक्त साकळतं, आणि टॅक्रोलिमसच्या जोडीला ते औषध मूत्रपिंड बिघडवतं. हिमोग्लोबिन कमी दिसलं की साधी रक्ताची पिशवी लावली जाते. या रुग्णांना किरणोत्सर्ग दिलेलंच रक्त लागतं, नाहीतर पिशवीतल्या परक्या लिम्फोसाइट पेशी जीव्हीएचडी घडवतात आणि त्यातून बहुधा कुणी वाचत नाही. तापाचं कारण डेंग्यू असेल, मलेरिया असेल, औषधाला दाद न देणारे जंतू असतील; पण पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं, आणि ते तालुक्यालाच जायला हवं. त्या डॉक्टरांना दोष देण्यात काय अर्थ? आपण रुग्णाच्या हातात दिलेली डिस्चार्ज फाइल जाडजूड, इंग्रजी आणि आद्याक्षरांनी भरलेली असते.

आणि ताप नसतानाही दुष्परिणाम चालूच असतात. दीर्घकालीन जीव्हीएचडी येतो तो आपण रुग्णाला ‘बरा झालास’ म्हटल्यानंतर. तोंड कोरडं पडतं, ठेच्याची भाकरी गिळवत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, जिना चढताना धाप लागते. धाप हे फुप्फुसाच्या नळ्या आकसत चालल्याचं लक्षण असू शकतं आणि गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत. त्याला साधी स्पायरोमेट्री ठरल्या वेळी करायला हवी. शेतावर उन्हात राबणाऱ्याची कातडी पेटते. त्याला ‘ऊन टाळा’ सांगण्याआधी त्याचं पोट कशावर चालतं ते विचारावं. बायकांना योनिमार्गातला कोरडेपणा, चिकटणं, वेदना होतात आणि त्या कुणालाच सांगत नाहीत. परिचारिका ताईंनी दार लावून विचारलं, की सांगतात. तसंच प्रजननाचं. लग्नाच्या वयाच्या मुलाला सोबत आलेल्या काकांसमोर वीर्य साठवण्याविषयी विचारलं, तर तो “नको” म्हणणारच. काकांना चहाला पाठवा. आणि हे किमोथेरपीच्या आधी विचारा, मग विचारून उपयोग नसतो.

स्वयंपाकघराबद्दल थोडं. कोकणातल्या रुग्णांना गणपतीच्या दिवसांत पपनस खाऊ नका, असं स्पष्ट सांगा. ते टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनची पातळी वाढवू शकतं. ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ गुळवेलाचा काढा घेणारे तर घरोघर आहेत. करोनाच्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलामुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यावर वादही झाला. आपल्या रुग्णापुरता वाद नाही: ज्याची प्रतिकारशक्ती दडपण्यासाठी आपण रोज गोळ्या देतो, त्याला ती चेतवणारं काही नको. मात्र ताज्या शिजवलेल्या जेवणावर उगाच बंधनं नकोत. कडक जंतुमुक्त आहाराने संसर्ग कमी होतात, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. गरम भाकरी, वरण आणि स्वच्छ हात पुरेत. निम्मे रुग्ण आपल्या पथ्यांनीच वाळतात, असं मला अनेकदा वाटतं.

सभागृहाच्या मागच्या टेबलावर एका पानाचा मराठी मसुदा ठेवला आहे. रुग्णाने तो पाकिटात ठेवायचा आणि गावच्या डॉक्टरपुढे धरायचा: १००.४ फॅरनहाइटला ताप धरा, पहिलं अँटिबायोटिक कोणतं, कमरेत इंजेक्शन नको, वेदनाशामक नको, रक्त किरणोत्सर्ग दिलेलंच, स्टेरॉइड एकदम बंद करू नका, कोणत्या लसी केव्हा. पानाच्या तळाशी फोन नंबरासाठी चौकट मोकळी ठेवली आहे. मजकूर मी लिहिला आहे, त्यामुळे तो डॉक्टरी झाला असणार. पहिल्या रांगेने जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर लाल पेनाने सपाटून खुणा कराव्यात. चौकटीत कुणाचा नंबर घालायचा आणि रात्री दोनला तो कुणी उचलायचा, यावर दुपारी तीन वाजता प्रत्येक केंद्राच्या प्रमुखाने नाव द्यायचं आहे. निवासी डॉक्टरचं नाव चालणार नाही. तो दर सहा महिन्यांनी बदलतो.