शेवटच्या पानावरचा आकडा



मी मानसशास्त्र आणि करिअर यावर बोलायचं ठरलं होतं. पण या सभागृहाच्या पायऱ्या चढताना इथल्या आमच्या बाई आठवल्या. ट्यूटोरियलची वही देण्याआधी शेवटच्या पानावर आपल्याला किती गुण पडतील तो आकडा लिहायचा, हा त्यांचा दंडक. वही परत यायची तेव्हा शेजारी लाल शाईत खरे गुण असायचे. बाई कुणाला रागवायच्या नाहीत, वर्गात वाचूनही दाखवायच्या नाहीत. वर्ष सरत आलं की ज्याचं त्यालाच दिसायचं: कुणाचा अंदाज कायम चढा, कुणी स्वतःला कायम कमी लेखणारी.

पुढे माणूस स्वतःला कसा जोखतो, हेच माझं क्षेत्र झालं. मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी 1981 मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल विचारलं, तर 93 टक्के स्वतःला निम्म्याहून अधिक चालकांपेक्षा कुशल समजत होते. मात्र माणूस याबाबत अगदी अंधारात नसतो. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या अभ्यासात लोकांनी स्वतःचं केलेलं मूल्यमापन इतरांच्या मताशी ताडून पाहिलं. आपण स्वतःला वाढवून पाहतो की कमी लेखतो, हे विचारल्यावर अनेकांना बरोबर सांगता आलं. म्हणजे आतून थोडं ठाऊक असतं. विचारणारं मात्र कुणी नसतं.

म्हणून मुलांनो, माझा हट्ट एकच. विचारा! निकालाच्या आधी स्वतःला विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. मग रोज तुम्हाला पाहणाऱ्या माणसाला विचारा. आपली धास्ती, आपली घालमेल आपल्यालाच जास्त कळते. पण बुद्धी आणि कल्पकता यांबाबत मित्रांचा अंदाज अनेकदा आपल्यापेक्षा नेमका ठरतो, हेही वझीर यांनीच दाखवलंय. ज्याला तुमच्याकडून काही मिळवायचं नाही, अशा माणसाला विचारा. ऐकताना मध्ये बोलू नका.

पहिल्या रांगेतल्या पालकांनो, मुलं विचारायला आली तर लगेच शेजाऱ्याच्या मुलाचं नाव काढू नका. ती पुन्हा विचारणार नाहीत. प्राचार्य सर, शेवटच्या पानाची ती पद्धत पुन्हा सुरू करता आली तर मला फार आनंद होईल.

आणि वसतिगृहाच्या मावशी तिकडे बसल्यात. मुलींनो, तुम्ही चिडता कशा, आजाऱ्याच्या उशाशी बसता की नाही, हे त्यांनी रोज पाहिलंय. आज जेवताना त्यांना गाठा. मावशी, तुम्हीही हातचं राखून सांगू नका.