गाण्यातला पैसा, चित्रातलं इरलं

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्येष्ठ सभासद म्हणून चार शब्द बोला, असं सचिवांनी सांगितलं. मेंटेनन्सच्या थकबाकीवर बोलणार नाही, घाबरू नका! बडबडगीतं आणि त्यांची जुनी चित्रं हा माझा विषय आहे.

पावसाला पैसा देऊ करणारं गाणं इथल्या प्रत्येक मुलाला येतं. पण तो पैसा पाहिलाय कोणी? मी बँकवाला, म्हणून हिशोब सांगतो. १९४३ ते १९४७ या काळात धातू वाचवण्यासाठी मधे भोक असलेला पैसा पाडत. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ३० जून २०११ पासून तर २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी व्यवहारातून गेली. गाणं मात्र चालूच आहे. मग त्यातला पैसा मुलांना दिसणार कुठे? जुन्या चित्रातच.

पूर्वी चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे. रंग वाढला की ब्लॉक वाढे, खर्चही वाढे. म्हणून बरीच चित्रं एकरंगी असत. चार रेषांत जातं ते जातंच दिसलं पाहिजे, उखळ ते उखळच. वा. गो. आपटे यांचं ‘आनंद’ मासिक १९०६ साली निघालं, बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ साली. ‘किशोर’चे जुने अंक आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. नातवंडांना मांडीवर घेऊन जरूर दाखवा.

पण एक सांगतो. पुस्तकांतलं खेडं बहुधा देशावरचं असतं. विहिरीवर मोट असते. आपल्या अष्टागरातल्या वाड्यांना पाणी दिलं ते रहाटाने. चांदोबाच्या गाण्यातल्या मामाचा वाडा चिरेबंदी. देशावरचा चित्रकार तो काळ्या दगडाचा काढील. आपल्याकडे चिरा म्हणजे तांबडा जांभा. आणि पावसाच्या चित्रात छत्री असते. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं क्वचितच दिसतं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते इरलं. दोन्ही हात मोकळे राहायचे. आपल्या वरसे-रोहे भागात खाचरांच्या जागी इमारती आल्या. शेत गेलं, इरलं गेलं, आता शब्दही चालला आहे.

म्हणून एक सूचना मांडतो. सोसायटीने एक मोठी चित्रकलेची वही घ्यावी. आम्ही सत्तरीपुढच्यांनी वस्तू सांगायची, मुलांनी ती काढायची, खाली नाव आणि उपयोग लिहायचा. इरलं, रहाट, कणगी, उखळ, मुसळ. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही मानाने बोलावून विचारा. त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. खर्च म्हणाल तर वही आणि रंगपेटी. पहिल्या वहीचे पैसे मी देतो, पावती द्या म्हणजे झालं!

मात्र हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. सांगणारे दरवर्षी कमी होताहेत. सुवर्णमहोत्सवाला आमच्यातले किती असू कोण जाणे, पण वही कपाटात असावी.